वहीतील ज-स

३ नोव्हेंबर २०२५
सिद्ध करावयाचे ते असे: स्मरणासाठी शब्द निवडताना भावनेला थारा दिला नाही, तर स्मरण अधिक जलद होते. साक्षीदार – माझी सून रुपाली. परीक्षक – मी.

डोळ्यांवर पट्टी बांधून रंगीत चौकोनांचा क्यूब सोडवण्याची नवी, अवघड पद्धत ती शिकते आहे. क्यूबवरील प्रत्येक चौकोनाला एक अक्षर. विस्कटलेला क्यूब आधी पाहायचा, अक्षरांच्या जोड्या लावायच्या, प्रत्येक जोडीचा शब्द, शब्दाचे चित्र – मग पट्टी! १४ डिसेंबरला पुण्यात स्पर्धा. तिच्या चाकणच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची. तो रविवार तिने विनवण्या करून मिळवला. यंदा पुन्हा मिळणार नाही. चौतिसाव्या वर्षी एकदा तरी निकालपत्रात आपल्या नावापुढे वेळ नोंदली जावी, एवढेच तिचे मागणे.

५ नोव्हेंबर
पद्धतीचा गाभा उमगला. एक हालचाल करावी, दुसरी करावी. पहिली मागे घ्यावी, दुसरी मागे घ्यावी. सगळे पूर्ववत होते – तीन तुकडे मात्र आपसांत जागा बदलतात. एक नेहमीचा, आधाराचा. उरलेले दोन म्हणजे अक्षरांची जोडी. तीस वर्षे कामगार न्यायालयात युक्तिवाद केले. इतका नेटका एकही नाही!

हे कस्तुराला समजावले. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मग दिलेला चहापण मागे घेऊ का?"

९ नोव्हेंबर
रुपाली पहिल्या शिफ्टहून आली की उजळणी. अक्षरे मी म्हणायची, शब्द तिने.
"क-प?" "कपबशी."
"ड-ब?" "डबा."
"ज-स?" – सूनबाई हसत सुटल्या. दोन सेकंद वाया!
तिची शब्दांची वही पाहिली. ज-स: जयसिंग. म्हणजे मी!
"चित्र काय आहे?"
"ते नाही सांगायचं, मामा."

१३ नोव्हेंबर
चार दिवस नोंद ठेवली. ज-स आले की हसू. हसू आले की विलंब. निष्कर्ष उघड आहे. जयसिंग खोडून जास्वंद लिहिले. माणूस रोज निराळा वागतो. फूल वागत नाही. रुपालीने एकदाच वहीकडे पाहिले. "तुमच्याशी कोण जिंकलंय, मामा!"
कस्तुरा आतून: "पोरीच्या वहीतपण यांचाच निकाल!"

२ डिसेंबर
ज-स: पाऊण सेकंद. हसू नाही. सिद्ध झाले.

१४ डिसेंबर
प्रयत्न तीन मिळाले. पहिले दोन फसले. तिसऱ्यात शेवटी हात थांबले, क्यूब खाली ठेवला. चूक. निकालपत्रात तिच्या नावापुढे वेळ नाही.
घरी येताना डांगे चौकात सिग्नलला थांबलो. मग म्हणाली, "घाई झाली, मामा. दुसरं काही नाही."
कस्तुराने तिच्या आवडीचे पिठले केले. रुपालीने दोनच घास खाल्ले.

१५ डिसेंबर
रुपाली कामावर. तिसऱ्या प्रयत्नाचा क्यूब होता तसाच पिशवीत मिळाला. तपासला. तीनच तुकडे चुकलेले. बाकी सर्व जागेवर! घाईने इतकी नेटकी चूक होत नाही. अर्थ एकच – शेवटची एक जोडी करायची राहिली. आधाराचा तुकडा सोडला. उरलेल्या दोन जागांची अक्षरे वहीतून काढली. तीनदा पडताळली.
ज. स.

ती आल्यावर विचारले, "शेवटी जास्वंद होती?"
बराच वेळ चप्पलच काढत राहिली.
"होती. मनातल्या मनात गॅलरीतल्या कुंडीत ठेवली होती मी. पट्टी बांधल्यावर कुंडी दिसली, मामा. फूल नाही दिसलं."
"आणि आधीचे चित्र?"
"ते कसं जाईल!" तशातही हसली. "सिलेंडरवाला दारात. तुम्ही बनियनवर काळा कोट घालून, बोट वर करून – 'मुद्दा दुसरा!'"
कस्तुरा पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.
"काल का नाही सांगितलेस?"
"तुम्ही इतक्या मनानं बदललं होतं."

१६ डिसेंबर
कबुली. ज्याच्या आधाराने ती जोडी तिच्या मनात उभी होती, ते हसू मी विलंब म्हणून नोंदले आणि काढून टाकले. चूक एकच, माझी. तिचा रविवार गेला. रुपालीला विचारून वहीतील जास्वंद खोडली आहे; तेथे आधीचे नाव तिच्याच हस्ताक्षरात आहे.
– जयसिंग ओव्हाळ