मोठं कुंकू माझंच

शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटं

याच मिनिटाला माझ्यावर अन्याय झाला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. विमा कंपनीच्या क्लेम विभागात उभी नोकरी झाली. घटनेची वेळ न सांगणाऱ्याचा क्लेम मी कधी पुढे सरकू दिला नाही.

घटना अशी. गोदरेजच्या कपाटातून, रेशमी खणात गुंडाळलेली जाऊबाईंची हार्ड डिस्क काढली. आमच्या होम सर्व्हरमध्ये, म्हणजे घरची कागदपत्रं साठवायच्या कॉम्प्युटरमध्ये, बसवली. उघडली. आत काहीही नाही. कोरी.

तिच्यात माधवीच्या लग्नाचं शूटिंग होतं. माधवी ही जाऊबाईंची लेक. शूटिंगमध्ये माधवीपेक्षा जास्त दत्तोबा भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान. दिसत नाहीत, ऐकू येतात. आहेराचा पुकारा माईकवर त्यांनी केला होता. अंथुर्ण्यापासून वरकुट्यापर्यंत कुणाचंही लग्न असो, पुकाऱ्याला भाऊजीच लागत. ते गेल्याला तीन वर्षं झाली. त्यांचा आवाज दुसरा कुठे नाही. लग्नाची सीडी केव्हाच ओरखडून गेली.

दोष कुणाचा हे उघड आहे. सर्व्हर इंदापूरच्या ऋषिराजने विकला. वापरलेला. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला. ऋषिराजला नोटीस पाठवणार. इंग्रजीत.

त्याच दिवशी, दुपारी ४

नोटिशीसाठी घटनाक्रम लिहायला बसले.

डिस्क दोन. एक ऋषिराजने सर्व्हरसोबत दिलेली, रिकामी. दुसरी जाऊबाईंची. त्यांच्या मुलाचा, विजयसिंहचा, कॉम्प्युटर बंद पडला, त्यातून काढलेली. मीच मागवून घेतली होती. म्हटलं, तुमच्याकडे उंदीर आणि धूळ, माझ्याकडे सुरक्षित राहील. दोन्ही काळ्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या.

केयूरने बंगलोरहून फोनवर सांगितलं होतं. जुनी बाहेर ठेव, रिकामी आत घाल, तिच्यावर लिनक्स ही सिस्टीम टाक, मग जुनीतलं कॉपी कर. आणि आई, दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटव.

चिठ्ठ्या चिकटवल्या नाहीत. गरम यंत्रात गोंद वितळतो असं माझं मत आहे. त्याऐवजी दसऱ्याच्या पूजेत रिकाम्या डिस्कला कुंकू लावलं. नव्या कामाची वस्तू, पूजा तिचीच. खूण सुबक झाली, शिवाय शास्त्रोक्त. नारायणरावांनी विचारलं, चिठ्ठी कुठाय? मी म्हटलं, कुंकू हीच चिठ्ठी. आमचे यजमान त्यावर पेपर वाचू लागले. त्यांचा विरोध नेहमी पेपरामागून असतो.

दुसऱ्या दिवशी पाहते तो दोन्ही डिस्कना कुंकू. एकीवर बारीक, एकीवर चांगलं ठसठशीत. मोठं माझंच. माझा हात सढळ आहे, सगळे म्हणतात. मोठ्या कुंकवाची आत बसवली, बारीक कुंकवाची खणात गुंडाळून कपाटात.

इन्स्टॉल करताना स्क्रीनवर आलं की डिस्कवर आधीची माहिती आहे, पुसायची का? ऋषिराजच्या जुन्या गिऱ्हाइकाचा कचरा असणार. होय म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा होय. तिसऱ्यांदा त्याने 'येस' टाइप करायला लावलं. केलं. खरं सांगायचं तर आनंदाने केलं. दुसऱ्याचा कचरा झाडताना वेगळंच समाधान मिळतं.

हा परिच्छेद नोटिशीत घेतलेला नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

ऋषिराजला फोन. तो म्हणाला, मॅडम, डिस्क मी रिकामीच दिली होती. मी म्हटलं, तोच तर मुद्दा आहे. तो म्हणाला, मॅडम, रिकामी दिली ही चूक का?

उर्मट.

जाऊबाईंचा फोन. भाऊबीजेला माधवी लेकीला घेऊन येणार. त्या पोरीला आजोबा आठवत नाहीत. वसरीत मोठा टीव्ही लावून शूटिंग दाखवायचं ठरलंय. "विनया, ह्यांचा आवाज नीट हाय न्हवं?"

म्हटलं, सुरक्षित आहे.

हे खोटं नव्हे. चौकशी चालू असताना कंपनी काहीच कबूल करत नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

केयूरला "एका मैत्रिणीचा प्रश्न" म्हणून विचारलं. म्हणाला, पुसलेलं कधी कधी परत मिळतं. तुझ्या मैत्रिणीला सांग, त्या डिस्कवर दुसरं काही भरू नकोस, वरती बसलं की संपलं. मग विचारलं, मैत्रिणीने काय काय भरलं?

मैत्रिणीने आठवडाभर स्वतःचा पत्रव्यवहार स्कॅन करून भरला होता. नगरपालिका, गॅस एजन्सी, शेजारच्यांचा बोअर, गृहसंस्थेचा पाण्याचा वाद. एकूण एक स्मरणपत्रं आणि त्यांची स्मरणपत्रं. मोठ्या आकारात, स्पष्ट दिसावीत म्हणून. मग जागा उरलीच आहे तर तीच पुन्हा. डिस्क काठोकाठ भरली.

केयूर म्हणाला, आई.

आणि फोन ठेवला. त्याने काहीतरी म्हणायला हवं होतं.

म्हणजे भाऊजींच्या आवाजावर आता माझी पत्रं बसली आहेत. भाऊजी असते तर यावरही माईक हातात घेतला असता.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

निश्चय: ऋषिराजचा विषय थोडा बाजूला. आधी ते दुसरं कुंकू कुणाचं, हे शोधायचं. खरा दोषी तोच.

नारायणरावांना विचारलं. ते पेपरामागून म्हणाले, वहिनींचं. तूच सांगितलंस ना त्यांना.

मी काहीही सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सांगितलं होतं.

दसऱ्याला जाऊबाई सोनं द्यायला आल्या होत्या. स्टोअररूमच्या दारातच उभ्या राहिल्या. सर्व्हरशेजारी ठेवलेली स्वतःची डिस्क त्यांनी ओळखली. विजयसिंहच्या स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा होता म्हणे तिच्यावर. मला कधी दिसला नाही. विचारलं, "म्या लावू का गं ह्येला कुक्कू? मला चालंल?" मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई. म्हटलं, मी असलं मानत नाही जाऊबाई, खुशाल लावा, भरपूर लावा. आणि स्वतःवर खूष होऊन चहा टाकायला गेले.

त्यांनी भरपूर लावलं. तीन वर्षांनी करंडा हातात घेतला होता.

बुधवार, १५ ऑक्टोबर

अंथुर्ण्याहून एस.टी.ने जाऊबाईंचा डबा आला. म्हैस व्यायली, खरवस. वर निरोप, माझं मशीन सांभाळतीस म्हणून.

मशीन त्यांचं नाही. सांभाळलेलंही नाही. खरवस परत पाठवायचा निश्चय केला. पण दुधाचा पदार्थ, वाटेत नासला असता. दोन वड्या खाल्ल्या. वेलदोडा जरा जास्त होता.

संध्याकाळी आणखी दोन.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

या प्रकरणाकडे परक्या माणसाचा क्लेम म्हणून पाहायचं ठरवलं. म्हणजे निःपक्षपात राहतो.

वस्तू दुसऱ्याची, सांभाळायला मागून घेतलेली. तज्ज्ञाने चिठ्ठी लावायला सांगितलं, लावली नाही. खूण संशयास्पद आढळली, चौकशी केली नाही. यंत्राने तीनदा सावध केलं. नुकसान कळल्यावर मालकाला खोटं सांगितलं. वाजवी काळजी घेतली होती काय? नाही.

क्लेम नामंजूर. इतक्या कमी वेळात मी कुठलाच क्लेम नामंजूर केला नव्हता.

रविवारी अंथुर्ण्याला जायचं. सगळं स्पष्ट, क्रमवार, एका दमात सांगायचं. रडायचं नाही. कुंकवाचा उल्लेख करायचा नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर, रात्री ८

जाऊन आले. नारायणरावांनी गाडी चालवली. वाटेत सणसर आलं. मग म्हणाले, कुंकवाचं काढू नकोस. मी म्हटलं, मला शिकवायची गरज नाही.

जाऊबाई वसरीत करंज्या भरत होत्या. विजयसिंहने टीव्ही भिंतीवर टांगून तयार ठेवला होता. मी उभ्यानेच सांगितलं. डिस्क पुसली गेली. मी पुसली. आवाज गेला.

त्यांचा हात करंजीच्या काठावरच थांबला. मी तिथे थांबायला हवं होतं. पण तो थांबलेला हात मला सोसेना आणि मी म्हणून गेले, दोन्हींना कुंकू होतं ना, म्हणून घोटाळा झाला.

"आगं बाय," त्या म्हणाल्या, "मग म्याच घालवलं की त्यानला."

नारायणराव बाहेर म्हैस पाहायला गेले.

मी म्हटलं, तसं नाही. पण किती हळू म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नसावं. मला गेलं. मी पुन्हा मोठ्याने म्हटलं नाही. नगरपालिकेत माझा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो.

त्या पीठ चोळत म्हणाल्या, "रांडमुंड बाईनं हात लावाय नको हुता. हौस नडली." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू नगं वाईट वाटून घिऊ. बस. च्या घे."

मी चहा घेतला.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तुज्या इस्त्रीला काय म्हणलं हुतं गं त्ये पुकाऱ्यात?" मला पाठ आहे. तेव्हा मी महिनाभर फुगून बसले होते. सांगितलं: बारामतीच्या धाकट्या सूनबाईंकडून एक इस्त्री, कॉन्व्हेंटची आहे, जपून धरा, न तापवताच चटका देते.

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आसं न्हवतं म्हणत त्ये. तू लई शुद्ध म्हणतीस." आणि तोंडाला पदर लावला.

निघताना करंज्यांचा डबा दिला. मी घेतला.

सोमवार, २० ऑक्टोबर, सकाळी ६

अभ्यंगस्नान झालं. ऋषिराजची नोटीस फाडली. नवी लिहिली, मराठीत. आजच्या पहिल्या एस.टी.ने नारायणराव स्वतः नेऊन देणार आहेत. ते पेपर न मागता उठले. मजकूर इथे उतरवून ठेवते.

सौ. विनया यांजकडून, श्रीमती शकुबाई यांस, मु. पो. अंथुर्णे.

विषय: दोष परत करणेबाबत.

काल आपण माझ्या समक्ष जो दोष स्वतःकडे घेतला, तो आपला नाही. तो माझ्या मालकीचा आहे. तो मी आपल्या घरी विसरून आले, तो तत्काळ परत करावा. आपल्या कुंकवात काही खोट नव्हती. ते मीच लावायला सांगितलं होतं आणि तेवढं एकच मी बरोबर सांगितलं होतं. चिठ्ठी मी लावली नाही. 'येस' मी लिहिलं, स्वतःच्या बोटांनी. स्क्रीनवरची अक्षरं बारीक होती हा मुद्दा मी सोडून देते.

भाऊबीजेला माईक लावावा. पुकाऱ्यातलं मला जेवढं आठवतं तेवढं मी माधवीच्या लेकीला म्हणून दाखवीन. शुद्ध होईल, त्याला इलाज नाही. चुकेल तिथे आपण थांबवावं.

दोष आपला नाही हे मान्य असल्याचं लेखी उत्तर गुरुवार, दि. २३ ऑक्टोबर, ओवाळणीच्या आत माझ्या हाती मिळावं. विजयसिंहकडून लिहून घेतलं तरी चालेल, सही आपली हवी. फोनवरचं उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. उत्तराऐवजी डबा पाठवू नये.