अशक्त भाताचा ट्रे

४ एप्रिल २०११
लिही, पूर्वे, मी सांगते, अक्षर तुझं — आज आपल्या गच्चीवर दोन ट्रे आले. कॉलेजची गच्ची दुरुस्तीला काढलीय म्हणून. दोन्हीत भाताची रोपं. एकातला भात साधा. दुसरा मुद्दाम तसा बनवलेला, त्याच्या अंगात 'सी' व्हिटॅमिन कमी. लिंबात, आवळ्यात असतं ते! आमी जन्मभर भात लावला, त्यालाही 'सी' लागतं हे आज कळलं.
हा अशक्त भात दुपारच्या उन्हात पांढरा पडला पायजे. पडला, की माझ्या नातीचा, म्हणजे तुझाच, प्रयोग झाला आणि बंगळूरला पुढं शिकायची जागा पक्की. पाच वर्षं! शिकून काय करते, तर भात जाळते.

६ एप्रिल
हिने समजावलं. ऊन जास्त झालं की पानात विष तयार होतं. 'सी' ते निववतं. "पण आजी, थोडं विष लागतंच. ती हाक असते. ती ऐकून पान सावध होतं, पुढच्या उन्हाला टिकतं."
म्हणजे माझ्या सासूची बोलणी! आता कळलं मी एवढी टिकले कशी.
हसू नको, लिही.

९ एप्रिल
दोन्ही ट्रे हिरवेगार.

१३ एप्रिल
अजून हिरवे! ही खारघरच्या कॉलेजातून येते, पान तोडते, औषधात बुडवते. विष असेल तिथे तांबूस डाग उठतो म्हणे. अशक्त भातावर एक डाग नाय. हिचे कॉलेजचे सर फोनवर ओरडले — "बियाणं बदललंस का?" पोरगी जेवली नाय. सुक्या बोंबलाची चटणी होती, तरी.

१४ एप्रिल
आज काय सांगायचं नाय.

१५ एप्रिल
लिही. मान वर करू नको.
तू गेलीस की बारा ते तीन त्या अशक्त ट्रेवर माझं जुनं लुगडं असायचं. ओलं करून. खालच्या मजल्यावरची हाजरा पापड वाळवायला वर आली. म्हणाली, "भामाबाय, भाताला लुगडं नेसवता काय?" तिला मी शपथ घातली.
मिठागरात बाराचं ऊन पाठीवर घेतलंय मी. कीव आली, असं सांगणार होते. ते अर्धंच खरं. भात जळला असता, तर तू गेली असतीस.
थांबलीस का? पुढचं पण लिही — सरांना सांग, आजीने केलं. नवं बी पेर. बारा वाजता ट्रे मी स्वतः उन्हात सरकवीन.
आणि ते पान पूस. शाई पसरली.

९ मे
पांढरा पडला! डाग हे एवढे! ही गच्चीत नाचली. मी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी, हो.

१ ऑगस्ट
लुगडं पोरीच्या बॅगेतून बंगळूरला गेलं. आजपासून अक्षर हाजराचं.