सागाखाली आवळे

गुरुजी,

टप्. मग जरा थांबून, टप् टप्. सागाच्या वाळलेल्या पानावर आवळा पडला की असा आवाज होतो, हे मी तुम्हाला काय सांगायचं. पण साठ वर्षं होत आली तरी तो माझ्या कानातून गेलेला नाही. पौषातली सकाळ आहे. गावाच्या उत्तरेची सरकारी पडीक जमीन, जिला आपण सगळे ई-क्लास म्हणतो, ती जिथे संपते आणि सागाचं जंगल सुरू होतं, तिथे आमचा सातवीचा अख्खा वर्ग पोटावर पालथा पडलेला. तुम्ही झाडाआड उकिडवे. शेजारी तुमची लेक, आमच्याहून तीन वर्गांनी लहान, तिच्या मांडीवर निळ्या काठाची कापडी पिशवी. ती एकेक आवळा काढून तुमच्या हातात देते आणि तुम्ही तो हलकेच पुढे टाकता. "पोट्टेहो, चूप. श्वास बी हयू घ्या," तुम्ही पुटपुटता. "वानेर झाडावर बसून आवळा खाते, अर्धा खाऊन खालते टाकते. हरणाले हे ठाऊक असते. आवाज आला का ते येते." त्या दिवशी झाडावर वानर नव्हतं. वानर तुम्हीच होता. आणि खरंच, पळसाच्या झुडपांमागून आधी दोन कान आले, मग ओली काळी नाकपुडी, मग ठिपक्यांची पाठ. चितळाची मादी. तिच्यामागे पाडस. आम्हाला खोकलाही येईना.

पुस्तकातली हरणाची कविता तुम्ही वर्गात कधी शिकवली नाही. आधी हरीण, मग कविता, असा तुमचा नियम. परतताना, शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने चालत, तुम्ही एकेक ओळ म्हणायचे आणि आम्ही मागून. मला वाटायचं ती मादी अजून ऐकते आहे. माझं कवितेचं वेड तिथे सुरू झालं. आणि त्याच सकाळी, मघाची मादी निघून गेल्यावर, तुम्ही मला जवळ बोलावून पाच आवळे हातात दिले होते. "तू टाक. तुह्या हाताले घाई नाही." वर्गात माझ्याहून हुशार पोरं होती, तुमची लेक तर फुरंगटूनच बसली, कारण तिला कधी टाकू दिलं नव्हतं. पण तुम्ही मला दिले. बक्षीस म्हणून मला आयुष्यात पुढे काही फारसं मिळालं नाही गुरुजी, तेवढे पाच आवळे मिळाले.

त्यांचं मी काय केलं, ते सांगायला बसलो आहे. तीनदा कागद फाडला. या वेळी वहीत लिहितो आहे, म्हणजे फाडायला जड जाईल.

ती कापसाची वाईट वर्षं. मी तालुक्याच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होतो. एरवी पौषात कापसाच्या बंड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत लागायची, बैलांच्या घंटा, गाडीवानांच्या शिव्या, हवेत उडणारा कापूस आणि त्यात मी पाटीवर खडूने वजन लिहिता लिहिता मनात एखादी ओळ घोळवत बसायचो. त्या वर्षी बोंडअळीने शिवार खाल्लं, आणि उरलेल्याला भाव नाही. यंत्रं गप्प. काट्यावर चिमण्या बसायच्या. रिकामा माणूस लवकर हलका होतो गुरुजी. कोणी जरा वर उचललं की उचलला जातो.

मालकाचा साळा नागपूरहून दोन मित्रांना घेऊन आला, आणि त्यांनी ट्रकवर लादून दोन गाड्या आणल्या. मोटरसायकलसारखा दांडा, पण चार जाडजूड चाकं, ना छप्पर ना दार. नाला असो, ढेकळं असोत, बांध असो, कुठेही चढते. जिनिंगच्या आवारात ती फिरवून दाखवली तेव्हा झाडलोट करणारी म्हातारी हातातला खराटा टेकून म्हणाली, "अव माय! हे तं ट्रॅक्टरचं पिल्लू दिसते. मायपाशी नाही ऱ्हायत का हे?" सगळे हसले. ते नाव मग तसंच पडलं, ट्रॅक्टरचं पिल्लू.

पाहुण्यांना हरीण मारायचं होतं. दोन दिवस त्यांनी ई-क्लासवर गाड्या दामटल्या. आवाज ऐकूनच कळप जंगलात शिरायचा आणि पाहुणे काट्यांनी ओरबाडून परत. सरकारी जमिनीवर अशी गाडी घालणं आणि हरणावर बंदूक रोखणं हा गुन्हा आहे, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला मालक म्हणाले, "आमच्या काट्यावरच्या माणसाला विचारा. त्याला जंगलाच्या कविता येतात." थट्टाच केली त्यांनी. पण साळा वळून म्हणाला, "अरे मास्टरजी, सुनाओ ना कुछ!" आणि मी सुनावलं. तुमची हरणाची कविता, आधी मराठीत, मग तिचा अर्थ मोडक्या हिंदीत. त्यांनी माना डोलावल्या. माझ्या काट्याला टेकून उभे राहून शहरातली माणसं कविता ऐकत होती. आणि मला मास्टरजी म्हणत होती! मग, कोणी विचारलंही नव्हतं गुरुजी, मीच म्हणालो, "हरीण मागे धावून मिळत नाही. त्याला बोलवावं लागतं. माझ्या गुरुजींनी मला शिकवलंय."

तुमचं नाव मी असं घेतलं.

दुसऱ्या सकाळी उजाडताना मी त्या पिल्लावर मागे बसलो होतो, रुमालात आवळे बांधून. नाल्यापाशी गाड्या बंद करायला लावल्या, झुडपाआड ढकलत नेल्या. जागा तीच निवडली. दुसरी मला माहीत कुठे होती? पाहुण्यांना मी ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, अगदी तुमच्यासारखं. आणि सागाखाली बसून एकेक आवळा टाकला. टप्. थांबलो. टप् टप्. हाताला घाई नव्हती. पळसामागून कान आले. एक मादी, मग दुसरी, मागे शिंगाळा नर. पहिली मादी अगदी मोकळ्यावर आली, वाकली, एक आवळा उचलून चावला. तो चावल्याचा आवाज मी ऐकला.

मग पाठीमागे दोन्ही इंजिनं एकदम धडधडली.

शिकारीच्या गोष्टी तुम्ही सांगायचे त्यात माणूस पायी असायचा, हरणाला निदान त्याचे कान आणि पाय कामी यायचे. इथे काही नव्हतं. कळप जंगलाकडे वळला, पण ती मादी उलट्या बाजूला, उघड्या ई-क्लासवर निघाली, आणि दोन गाड्यांनी तिला दोन बाजूंनी दाबत नेलं. मी धावत जाऊन मागच्या सीटवर चढलो होतो. बांध आला, गाडी उडाली, माझी टोपी गेली. ती वळायची, आम्ही वळायचो. शेवटी नाल्याच्या कडेला ती नुसती उभी राहिली. तोंड उघडं, बरगड्या धापत होत्या, पळणंच संपलेलं. साळा खाली उतरला, सावकाश चालत गेला आणि चार हातांवरून गोळी घातली. "क्या बात है मास्टरजी," तो म्हणाला, आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

दोन दिवसांनी तुम्ही जिनिंगमध्ये आलात. निवृत्त होऊन तुम्हाला बरीच वर्षं झाली होती, तरी दर पौषात नवी पोरं घेऊन जायचंच, आणि त्याआधी एकट्याने जाऊन जागा पाहून यायची. हातात काठी, खांद्याला निळ्या काठाची पिशवी. मी उठून खुर्ची पुढे केली.

"काय करून राह्यला?"

"बसलो गुरुजी. कापूस कुठं येऊन राह्यला यंदा."

"हं." तुम्ही बसलात. पिशवीत हात घालून चार आवळे टेबलावर ठेवले. एक अर्धा चावलेला, कडेला काळा पडलेला. "गंमत पाय. यंदा सागाले आवळे लागले."

हे मला सुचलंच नव्हतं गुरुजी. आवळ्याचं झाड तिथून पाव कोस लांब, आणि सागाच्या बुडाशी आवळे. तुम्ही दर वेळी परतताना उरलेले वेचून पिशवीत घालायचे. एकही मागे राहू द्यायचे नाहीत. मला वाटायचं काटकसर. त्या दिवशी टेबलाकडे बघताना कळलं की तुम्ही ती जागा जशीच्या तशी ठेवून यायचे, हरणाला फसवणारा माणूस दिसू नये म्हणून.

"वानरांनी आणले असतील," मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात पाठ न केलेल्या पोराकडे पाहायचे तसं, थोडा वेळ देऊन. तो वेळ मी वजनाच्या पाटीवरचा जुना खडू पुसण्यात घालवला.

"असंन," तुम्ही म्हणालात. "चाकाचे बी वण दिसले तिथं. वानेर बी आता गाडीवर फिरते वाट्टे."

मी हसलो. हसलो, गुरुजी!

"पाणी घ्या."

"नको." काठी टेकत उठलात. "यंदा पोट्ट्यायले नेत नाही. मी बसून पाह्यलं काल, चांगला अर्धा घंटा. सारे आवळे टाकले. कळप उभा होता पळसामागं, मले दिसत होता. आवाज आयकला अन् पयाला." दारापर्यंत जाऊन थांबलात. "त्यायचं बी बराबर हाय."

माझं नाव तुम्ही घेतलं नाही. आवळे टेबलावरच राहिले. त्यानंतर तुम्ही पोरांना कधी नेलं नाही, आणि लोकांना वाटलं गुरुजींचे गुडघे गेले. दुसऱ्या पावसाळ्याआधी तुम्हीच गेलात.

आता याहून वाईट सांगतो. तुमच्या शोकसभेत मी बोललो. आवळे, सागाची पानं, आधी हरीण मग कविता, सगळं. इतकं छान बोललो की बाया पदर डोळ्याला लावत होत्या. समोर पहिल्या ओळीत तुमची लेक होती, ती रडत नव्हती, नुसती ऐकत होती. मी सगळं सांगितलं, एवढं सोडून. तेव्हापासून गावात मी गुरुजींचा लाडका विद्यार्थी. वीस वर्षं त्या नावावर मान घेतो आहे.

म्हणूनच आज सकाळी शाळेतली नवी बाई आली. तरुण आहे, तळमळीची. ई-क्लासवर चितळं पुन्हा उतरायला लागलीत म्हणे. "आजोबा, गुरुजींची ती युक्ती तुम्हालाच येते. उद्याच्या उद्या पोरांना नेऊ. तुम्ही फक्त आवळे टाका." मी गुडघ्यांचं कारण पुढे केलं, तुमच्या नावावर खपलेलंच. ती म्हणाली, "बंडीत बसवून नेऊ तुम्हाले, काय टेन्शन घेता!" संध्याकाळपर्यंत सांगतो म्हणालो. ऊन कलायला आलं आहे. हो म्हटलं तर त्या पोरांसमोर हा हात पुन्हा तोच आवाज करणार, आणि ती मला गुरुजी म्हणतील. नाही म्हटलं तर कारण द्यावं लागेल, आणि खोटं कारण आता माझ्यापाशी उरलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं? तुमच्या घरी कुलूप आहे, लेक यवतमाळला. तिला पाठवायचं माझ्यात धाडस नाही. वहीतच राहील.

एक मात्र राहिलं, आणि ते लिहिल्याशिवाय वरचं सगळं निम्मंच खरं. मला कोणी भाग पाडलं नव्हतं, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण तेवढंच नाही. गाडी बांधावरून उडाली, टोपी गेली, ती मादी पुढे पळत होती, तेव्हा मी ओरडत होतो. आनंदाने. त्या क्षणापुरती मला मजा आली, गुरुजी.

फाटकाची कडी वाजली. नवी बाई असेल.

नाही. खिडकीतून दिसतंय, एक पांढऱ्या केसांची बाई रिक्षातून उतरून फाटकाशी उभी आहे, ओसरीकडे बघत. शोकसभेनंतर मी तिला पाहिलेलं नाही, तरी ओळखलं, पिशवीवरून. काठ विटला आहे पण निळा आहे. शाळेच्या बाईने तिलाही उद्यासाठी बोलावलं असणार. पिशवी भरलेली दिसते.

"दादा, हाये का घरी?" ती विचारते आहे. "या वेळेस मी टाकीन म्हटलं आवळे. तुमची काही हरकत नाही ना?"

उठतो. वही मिटत नाही, टेबलावर उघडीच ठेवतो, ती बसेल त्या खुर्चीकडे तोंड करून.