तुरटीचं पाणी

माय, तुझा राग आला आहे म्हणून लिहिते आहे. तू जाऊन सतरा वर्षं झाली, राग मात्र यंदाचाच आहे, ताजा.

मी आठवीत होते. अंगावरून पांढरं जातं, हे न्हाणीच्या दाराशी तुला कसंबसं सांगितलं. तू वांग्याच्या वावरातून नुकतीच आलेली, पायाची माती तशीच. तू चुलीवर पाणी ठेवलंस, त्यात तुरटीचा खडा फिरवलास आणि तपेली माझ्या हातात दिलीस. “आतून धूत जाय. चरचरलं तं समज, साफ होऊन राह्यलं. आन् कोणाले सांगू नको.” मी ओठ चावून धुतलं. तूही रोज धुवायचीस, म्हणून तर विश्वास बसला. लग्न होऊन चिखलीत आले, कचेरीत कारकून झाले, तरी तो खडा सुटला नाही. त्रास वाढला, वास यायला लागला की मी जास्त धुवायची, आणि जास्त धुतलं की त्रास वाढायचा. एवढी साधी गोष्ट मला तीस वर्षं कळली नाही.

यंदा मोठा धीर करून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “आत चांगले जंतू असतात, दह्यात असतात त्याच जातीचे. ते आंबटपणा राखतात, म्हणून वाईट जंतूंना थारा मिळत नाही. तुम्ही रोज त्यांनाच मारत आलात.” आधी गोळ्या झाल्या. मग तेच चांगले जंतू भरलेल्या कॅप्सूल, आत ठेवायच्या. “कोणाकोणाला गुण येतो, खात्री देत नाही,” असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. दोन महिने बरे गेले. कचेरीत मी खिडकीची खुर्ची सोडून बायकांमध्ये डबा खाल्ला. गेल्या सोमवारी पुन्हा तोच वास. नवरा बाहेरच्या खोलीत झोपतो, गरम होतं म्हणतो, थंडीतसुद्धा. मी खचले आहे, माय. पुन्हा गोळ्या, पुन्हा कॅप्सूल, पुन्हा वाट बघणं, आणि बरं वाटलं तरी ते किती दिवस टिकेल याची धास्ती. माझं शरीर आता मलाच नकोसं झालंय. तुलाही असंच होत होतं का? तू कोणाला विचारलंस?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार! पण एक सांगून टाकते. त्या पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “हे धुणं शिकवलं कोणी?” तुझं नाव माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, “सासूबाईंनी.” सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या, माझी पिशवी मांडीवर घेऊन. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “हाव बाई,” त्या म्हणाल्या, “म्याच सांगतलं होतं तिले.” त्यांची माफी मी अजून मागितलेली नाही.