हिरव्या दोऱ्याचं बटण

१० जानेवारी

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला हॉस्टेलात ओरडता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. तीस वर्षं मशीनच्या खडखडाटात कान घालवलेस, आता सगळ्यांनी तुझ्याशी हातवारे करायचे!

यंदा दर शुक्रवारी कॉलेजात पाहुणे वक्ते येतात. विषय भारदस्त: जगापुढचे प्रश्न, माणसाचे हक्क. आम्ही ऐकायचं आणि सोमवारी सरांना दोन पानं लिहून द्यायची, मला काय वाटलं म्हणून. गेल्या वेळचे गृहस्थ पाणीटंचाईवर बोलले आणि बोलता बोलता तीन ग्लास पाणी प्यायले. काल कामगारांसाठी काम करणाऱ्या एक बाई होत्या. दिवसाला आठ तास काम आणि मग विश्रांती, हा माणसाचा हक्कच आहे म्हणाल्या. सगळ्यांनी लिहून घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर तू आलीस, पाय मशीनवर आणि ओठांत टाचण्या. मी दोन्ही पानं तुझ्यावरच लिहिली आहेत. सर बहुतेक विषय सोडला म्हणून ओरडतील.

कोटाचं बटण मी माझं मी लावलं. खोलीतली मैत्रीण पोट धरून हसली. शिंपिणीची मुलगी म्हणे!

डोळ्यांना जप. तुझा हात पाठीवर असू दे.
तुझी,
भिंगरी


१७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आठ तासांचं वाचून हसू आलं. त्या बाईंना सांग, गिऱ्हाईक दारात उभं असलं की घड्याळाकडे बघायचं नसतं. आणि माझ्यावर दोन पानं लिहायला माझ्यात आहे काय? नसती उठाठेव. शेजारच्या घड्याळवाल्या काकांना मात्र तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

बटण लावताना गाठ आत घेतलीस ना? लहानपणी हमखास वर काढायचीस. किती सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

दुकानाचे मालक परवा पुन्हा येऊन गेले. ही जागा सोडा, पलीकडच्या रस्त्यावर मोठी, उजेडाची देतो म्हणतात. मी नाही म्हटलं. दादा हाच पत्ता खिशात घालून गेलाय. नऊ वर्षांनी दार वाजवलं आणि आतून भलतंच कोणी निघालं, तर माझ्या लेकाने जायचं कुठे? लोक म्हणतात, समुद्रापलीकडे कामाला गेलेली पोरं घर विसरतात. विसरू दे. आठवेल तेव्हा येईल.

पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस. यंदाचा शर्ट कापून ठेवलाय. छातीला एक इंच जास्त धरला. या वयात माणूस अंगाने भरतो.

वेळेवर जेव. माया आहेच, ती पत्रातून मोजू नकोस.
तुझी,
आई


२ फेब्रुवारी

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. शुक्रवारचं व्याख्यान झालं. एक डॉक्टरबाई आल्या होत्या. फारसं सांगण्यासारखं नाही.

नव्या जागेचा विचार करावास असं वाटतं. उजेड असेल तर तुझ्या डोळ्यांना बरं.

एक विचारायचं होतं. दादा गेला तेव्हा त्याच्या अंगात कुठला शर्ट होता, आठवतं का? सहज विचारते.

अभ्यास खूप आहे, म्हणून इतकंच. लोभ असू दे.
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

एवढंसं पत्र आणि त्यात एकही थट्टा नाही. धुतलेलं कापड हातात घेतलं की किती आटलंय ते मला कळतं, तसं तुझं पत्र कळलं. आजारी आहेस का? कोणी काही बोललं का?

शर्टाचं सहज कोणी विचारत नाही. निळ्या रेघांचा होता. निघायच्या आदल्या दिवशी मी शिवला. घाई झाली म्हणून शेवटचं बटण तुझ्या हातात दिलं. तू तेव्हा दहा वर्षांची. पांढरा दोरा सापडेना तर हिरवा ओवलास, माझ्या सरळ टाक्याऐवजी फुली घातलीस आणि गाठ वर ठेवलीस, ठळक. मी उसवायला कात्री उचलली, तर दादाने माझा हात धरला. राहू दे म्हणाला, शर्ट खोचला की कोणाला दिसणार आहे.

काय झालंय ते लिही. मी म्हातारी होत चाललेय, पण काचेची नाही.
तुझी,
आई


१६ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

आई, आधी बसून घे. काकांना हाक मार, आणि मग पुढे वाच.

त्या डॉक्टरबाई समुद्रात बुडालेल्या बेवारस माणसांची ओळख शोधण्याचं काम करतात. मेलेल्या माणसालाही नावाचा हक्क असतो म्हणाल्या, आणि मागे राहिलेल्यांना कळण्याचा. चेहरे कधीच दाखवायचे नाहीत असा त्यांचा नियम आहे, फक्त वस्तू दाखवतात. पडद्यावर एक पट्टा आला, एक बूट आला, मग बाही फाटलेला एक शर्ट आला. रेघा विटल्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी होडी बुडाली तेव्हाचा हा तरुण, त्याला पुरलंय तिथल्या पाटीवर आम्ही नुसता सदतीस नंबर लिहिलाय, असं त्यांनी सांगितलं. पाच बटणं पांढऱ्या दोऱ्याची, सहावं हिरव्या. फुली. गाठ वर. हे शिंप्याच्या हातचं दिसत नाही, घरातल्या कोणीतरी लावलं असावं, असं त्या म्हणाल्या. शेजारची मुलगी भराभर लिहून घेत होती. मी तिच्या पेनाकडे बघत राहिले. ती माझी चूक होती, आई. शेवटच्या बाकावरूनही मी ती ओळखली.

सोमवारी सरांना मी दोन कोरी पानं दिली.

तुला शर्टाचं विचारलं, ते तू दुसराच कुठला तरी सांगशील या आशेवर. तुझं उत्तर आलं आणि मी डॉक्टरबाईंना जाऊन भेटले. माझी आई दरवर्षी त्याच्यासाठी शर्ट शिवते, तिला सांगायलाच हवं का, असं विचारलं. आशा धरण्याचा हक्क तुमच्या यादीत कितवा, असंही चिडून विचारलं. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाल्या की तिच्या वतीने ठरवण्याचा हक्क मात्र तुझ्याकडे नाही.

रक्ताच्या थेंबावरून नक्की कळेल म्हणतात. मी अजून दिलेलं नाही. तू नको म्हणालीस तर देणार नाही, आणि मग हे पत्र फाडून टाक. आपण पुन्हा काही बोलायचं नाही.

तुझ्याजवळ यायचं आहे मला.
भिंगरी


२२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

काकांना बोलावलं नाही. एकटीने वाचलं. मग दुकान उघडलं, कारण शाळेचे गणवेश त्याच दिवशी द्यायचा शब्द दिला होता. चार शर्ट झाले. पाचव्याला सुई बोटात गेली आणि मी जी रडायला लागले ती थांबेना. माझं रडणं मलाच ऐकू येत नव्हतं, काकांना भिंतीपलीकडून आलं. त्यांनी येऊन शटर ओढलं आणि नुसते बसून राहिले.

रागावले नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? रागावले. एवढं ओझं एकटीने वाहिलंस म्हणून.

आता चूक म्हणतेस त्याबद्दल. तीस वर्षं मी बटणं लावली, सगळी सरळ, सगळी एकसारखी. माझं बटण आणि बाजारातलं बटण शेजारी ठेवलं तर माझं कुठलं ते मलाही सांगता यायचं नाही. त्या दिवशी मी तुझा टाका उसवला असता, तर माझा लेक जन्मभर सदतीस नंबरच राहिला असता. तुझ्यामुळे तो सापडला. हे मी तोंडानेही सांगेन, तू ओरडून उत्तर दे.

मालकांना कळवलंय, महिनाअखेर जागा सोडते. आता पत्ता राखायचं काही कारण उरलं नाही.

गुरुवारी दुपारच्या गाडीने पोचते. रक्त दोघी मिळून देऊ. त्यांना सांग, पाटीवरचा नंबर पुसून ठेवा, नाव मी माझ्या हाताने लिहीन. त्याच्याजवळ ठेवायला यंदाचा शर्ट आणते आहे. छातीचा वाढवलेला इंच काल परत आत घेतला. गेला तेव्हाच्या मापाचा केला.

पाच बटणं लावून झाली आहेत. सहावं तसंच ठेवलंय. हिरव्या दोऱ्याचं रीळ पिशवीत टाकलंय. ते बटण तू लाव. फुली घाल, आणि गाठ वर राहू दे.

गाडीपाशी उभी राहा.
तुम्हा दोघांची,
आई