एकाच नंबराची दोन इंजिनं

६ जानेवारी २००९

आमच्या जुन्या मोटरसायकलींच्या क्लबच्या जेवणात आज भांडण. सभासद फांग चांगचुनहून साइडकारची मोटरसायकल ट्रकवर घालून घेऊन आले होते. शेजारी हूलानच्या क्वान आजोबांची उभी. कुणीतरी सहज वाकून बघितलं – दोन्ही इंजिनांवर नंबर एकच!

फांग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "काय हो आजोबा, तुमची गाडी रशियन ना, महायुद्धातली? मग तिच्यावर माझ्या चिनी गाडीचा नंबर कसा? जत्रेत हरवलेल्या बहिणी का या?"

लोक हसले. आजोबा सॉसेजचे तुकडे करत राहिले. "गाडी रशियनच आहे. सैन्यातून जंगलखात्यात आली. मी तिच्यावर टपाल नेत होतो. खातं बंद पडलं तेव्हा मला दिली. बाकी मला ठाऊक नाही."

"गप्पा हाणायला सांगा यांना," फांग म्हणाले. क्लबने काम माझ्या गळ्यात घातलं. कॉलेजात धातू तपासायला शिकवते ना मी, म्हणून. दोन्ही इंजिनं बघायची आणि लिहून द्यायचं. खोटी ठरेल ती गाडी क्लबातून बाहेर, मालकही बाहेर.

९ जानेवारी

फांगची गाडी खरी. आकडे कारखान्याचेच – ठशांची खोली सारखी, भोवती ओतीव धातूची खरबरीत साल जशीच्या तशी. गाडी पूर्वी यीचुनकडच्या एका पोलीस चौकीत होती, असं त्यांनीच सांगितलं. म्हणजे आजोबांची खोटी. मनातून वाईट वाटलं.

१२ जानेवारी

हूलानला गेले. क्वान आजींनी आधी तापत्या कांगवर, खालून चूल पेटवलेल्या विटांच्या ओट्यावर, बसवलं. "मास्तरीणबाई, हात बघा किती गार पडलेत." गोठवलेल्या नाशपात्या पाण्यात घालून पुढे ठेवल्या. आजोबा मला थेट शेडमध्ये नेऊ बघत होते, आजी सोडेनात.

नंबर खोटाच. डाव्या अंगाच्या पट्टीवर कानस फिरलेली, आकडे वर-खाली, एक तर तिरकाच. कुणीतरी घाईत, हाताने ठोकलेले. भिंग खाली ठेवलं तेव्हा आजोबा माझ्याकडेच बघत होते. त्यांचे डोळे घारे आहेत. त्यांची स्वतःची आजी रशियन होती म्हणे. मला तोंडावर सांगवेना. म्हटलं, "थोडा कॉस्टिक सोडा लावून बघायला लागेल. परवानगी आहे?"

ते गाडीकडे वळले. मग म्हणाले, "मी त्या नंबराला कधी हात लावलेला नाही. तुम्ही लावा."

१३ जानेवारी

फांगचा फोन. "काय, म्हातारा खोटा निघाला ना?"

म्हटलं, "नंबर खोटा आहे. म्हातारा अजून तपासायचाय."

१७ जानेवारी

आज जे बघितलं ते लिहिताना अजून अंगावर काटा येतो.

शेडमध्ये शेगडी पेटवली. थंडीत सोडा कामच करत नाही. खोटे आकडे राखून पट्टी घासून आरशासारखी केली. कापसाच्या बोळ्याने सोडा लावायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा. मुलांना मी दर वर्षी शिकवते – ठसा मारला की घाव नुसता वर दिसतो तेवढा नसतो, खालचा धातूही दबतो. वरचं खरवडून काढलं तरी खालचा दबलेला भाग सोड्याला वेगळा लागतो. शिकवते खरी, पण कॉलेजात कापलेल्या तुकड्यांवर!

कितीतरी वेळ काहीच नाही. पट्टी काळी पडे, पुसली की पांढरी. मग खोट्या दोन आकड्यांच्या मधे एक करडी छाया. मला वाटलं डोळे थकले. पुन्हा बोळा फिरवला. घराच्या आकाराचं एक अक्षर वर आलं. रशियन अक्षर. त्यामागून एकेक आकडा. जणू तळ्याच्या तळातून कुणी वर येत होतं. कुठल्यातरी बाईने किंवा बाप्याने, युद्धाच्या धामधुमीत, त्या कारखान्यात हातोडा उचलून मारलेला घाव. तो मारणारा गेला असेल, ज्याने खरवडलं त्याला वाटलं असेल की पुसलं. आणि धातूने ते पोटात धरून ठेवलं होतं!

श्वास रोखूनच फोटो काढले. थोड्याच वेळात सगळं विरलं. पट्टीवर उरले फक्त खोटे आकडे.

आजोबा उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "दिसली ना? रशियन आहे म्हणत होतो." एवढंच. कुणी खोडलं, का खोडलं, एक अक्षर विचारलं नाही.

पण खोडलं कुणी? मौल्यवान रशियन नंबर घालवून साधा चिनी नंबर कोण ठोकेल? माझ्या डोक्यात काही बसेना.

२४ जानेवारी

चांद्र नववर्ष परवावर आलं. फोटो द्यायला गेले तर आजोबा पाऱ्या लाटत होते, आजी त्यांत सारण भरून ज्याओझ वळत होत्या – आंबवलेला कोबी नि डुकराचं मांस. मलाही बसवलं. मी फोटो दाखवला आणि म्हटलं, "खरा नंबर हा. वरचा कुणी घातला तेवढं कळत नाही."

आजींनी हाताचं पीठ झटकलं. "मी घातला."

मी आजोबांकडे बघितलं. त्यांच्या हातातून लाटणं पडलं.

"सांस्कृतिक क्रांतीचं सदुसष्ट साल होतं," आजी म्हणाल्या. "शहरातून पोरांच्या टोळ्या निघाल्या होत्या. रशियन दिसेल ते फोडायचे, ज्याच्या घरात सापडेल त्याला रशियाचा हेर म्हणून मारायचे. ह्यांचे डोळे हे असे. त्यात बुडाखाली रशियन गाडी. आपली चिनी गाडी नि ही अगदी सारखी दिसते, नंबर सोडला तर. आम्ही तेव्हा यीचुनकडे राहायचो, तिथल्या पोलीस चौकीपुढे एक उभी असायची. तिच्यावर कागद धरला, पेन्सिल घासली, नंबर उतरवून आणला."

"पोलिसांच्या गाडीचा?"

"मग काय! पोलिसांच्या नंबरावर कोण संशय घेतंय? मी तेव्हा वर्कशॉपात होते. तिथून ठसे नि कानस आणली. हे बर्फावरची घसरगाडी घेऊन लाकडाला गेलेले. पोरं आली, नंबर बघितला, गेली."

"आजोबांना का नाही सांगितलं?"

"ह्यांच्या पोटात पाणी तरी ठरतं का? धरून नेलं असतं तर पहिल्या थपडेला खरं बोलले असते. खोटं बोलताच येत नाही ह्यांना. आणि मागाहून काय सांगू? ज्या गाडीला हे लेकरासारखं पुसायचे, तिला मी कानस लावली होती."

आजोबा बघतच राहिले. "तू? माझ्या गाडीला?" मग हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आजी लटक्या रागाने म्हणाल्या, "हसा. ते लाटणं धुवा आधी."

घरी येऊन क्लबला लिहून दिलं. इंजिन रशियन, युद्धकाळातलं. वरचा नंबर खोटा, पण तो कुणीही पुसू नये. फांगनी फोनवर ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजींना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांना म्हणावं, आमचा नंबर खुशाल वापरा."

२ फेब्रुवारी

दाखला न्यायला आजोबा एकटेच बसने कॉलेजात आले. दार लावून घेतलं. "एक सांगतो, कुठे लिहू नका. लाकडाला गेलो त्या दिवशी मी हातमोजे विसरलो म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो होतो. शेडच्या फटीतून बघितलं. रडत होती आणि ठोकत होती. मी तसाच मागे फिरलो. तिला सांगितलं, मोजे वाटेत बर्फात हरवले." दाखला घ्यायला हात पुढे केला, तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. दोन बोटं थंडीने झडलेली, अर्धीच. "लाटणं पडलं तेव्हाचं ते चकित होणं," त्यांनी हळूच विचारलं, "बरं जमलं ना मला?"