सीटखालच्या स्विचबाबत

प्रति,
माननीय उपसंचालक महोदया,
राजधानी हिरवळ व उद्यान विभाग,
टी. टी. नगर, भोपाळ.

विषय : गवत कापण्याच्या बसत्या ट्रॅक्टरचा अपघात 'ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे' झाला हा चौकशी अहवालातील शेरा रद्द करणे आणि श्री. गोविंद मालवीय यांना कामावरून न काढणे याबाबत.

संदर्भ : १) चौकशी समितीचा अहवाल, दि. १२/११/२०२५.
२) श्री. मालवीय यांना आलेली नोटीस, दि. २५/११/२०२५ (सुनावणी दि. १५/१२/२०२५ रोजी).
३) माझे यापूर्वीचे दोन हिंदी अर्ज, दि. १७/११ व २८/११. पोच मिळाली, उत्तर नाही.

महोदया,

सविनय लिहायचे असे ठरवून बसलो आहे. विनय कुठवर पुरतो ते आपणच पाहावे.

१. मी या विभागाच्या कार्यशाळेत एकतीस वर्षे नोकरीत आहे. माझे वडील कै. शांताराम मोहरील छप्पन साली राजधानी इकडे आली तेव्हा सरकारी फायलींबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये राहिले. आपण अकोल्याच्या आहात असे आस्थापना शाखेतून कळले, म्हणून हा तिसरा अर्ज मराठीत करीत आहे. नियमात बसत नसेल तर हिंदी भाषांतर मीच करून देईन. पण आधी हा वाचावा, आणि स्वतः वाचावा. आधीचे दोन अर्ज अधीक्षकांच्या टेबलावर त्यांच्या डब्याखाली आहेत. मी डोळ्यांनी पाहिले आहेत, त्यांवर लोणच्याचा डाग आहे.

२. सदर ट्रॅक्टर मार्च महिन्यात आला. पुढे सीट, खाली पोटात पाती, माणूस वर बसून चालवतो आणि खाली गवत कापले जाते. कंपनीचा माणूस शिकवायला आला होता. त्याने वीस मिनिटे शिकवले. पैकी बारा मिनिटे अधीक्षक साहेब ट्रॅक्टरवर बसले होते आणि त्यांचे फोटो चालले होते. उरलेल्या आठ मिनिटांत गोविंद मालवीय, जो तोवर माळी होता आणि ज्याने आयुष्यात सायकलखेरीज काही चालवले नव्हते, तो ऑपरेटर झाला. सूचनांच्या पुस्तिकेच्या तीन प्रती आल्या होत्या. तिन्ही इंग्रजीत, तिन्ही अधीक्षकांच्या काचेच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. मी एक प्रत चार दिवसांसाठी मागून घेतली, त्यातले नियम सोप्या हिंदीत पुठ्ठ्यावर उतरवले आणि शेडमध्ये खिळ्याला टांगले. कापायच्या आधी दगड, काड्या, पाईप उचलून घ्या. उतारावर आडवे चालवू नका, वर-खाली चालवा. गवत ओले असेल तर उतारावर जाऊच नका. दुसऱ्या कोणाला वर बसवू नका. पायात बूट हवेत. उतरण्यापूर्वी पाती थांबवा, ब्रेक लावा, किल्ली काढा. आणि शेवटचा : सीटखालच्या स्विचशी खेळू नका.

३. आता या नियमांचे काय झाले ते ऐकावे. 'दुसऱ्या कोणाला बसवू नका' असे लिहिले होते, तर दर रविवारी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांवरची नातवंडे चक्कर मारायला येऊ लागली. गोविंद नाही म्हणाला तर त्याला उद्धट ठरवले. 'पायात बूट हवेत' असे होते, तर बुटांची मागणी तीन वेळा वर गेली आणि तीन वेळा 'माळी संवर्गास बूट अनुज्ञेय नाहीत' असा शेरा घेऊन खाली आली. तो आता माळी नाही, ऑपरेटर आहे, असे कळवले. तेव्हा 'ऑपरेटर हे पद मंजूर नाही' असे उत्तर आले. म्हणजे बूट मागताना तो माळी, आणि दोष द्यायच्या वेळी ऑपरेटर! अहवालात 'पायात चप्पल होती' हे वाक्य लिहिणाऱ्या समितीने हा शेरा आपल्याच कार्यालयाचा आहे, हे पाहण्याची तसदी घेतलेली नाही.

४. सीटखालच्या स्विचचे काम असे. चालवणारा सीटवरून उठला की स्विच सुटतो, इंजिन बंद पडते, आणि त्याबरोबर पातीही थांबतात. माणूस विसरला तरी यंत्र विसरत नाही. या यंत्रातली सगळ्यात शहाणी वस्तू ती, आणि नेमकी तीच कोणाला नको होती.

आमच्या कार्यशाळेत खंडेनवमी पाळतात. नागपूरहून आलेल्या जुन्या मंडळींनी ती सुरू केली. त्या दिवशी सगळी हत्यारे पाटावर मांडून हळद-कुंकू वाहतात, आणि पूजेत ठेवलेले हत्यार दसऱ्यापर्यंत कोणी उचलत नाही. यंदा १ ऑक्टोबरला नवा ट्रॅक्टर पूजेत मानाने ठेवला. अधीक्षकांना वर पाठवायला फोटो हवा होता. ट्रॅक्टरला हार, इंजिन चालू, आणि बाजूला ते स्वतः आरतीचे ताट घेऊन. पण सीटवर हार ठेवायचा म्हणून गोविंद उतरला की इंजिन बंद. तीनदा तसेच झाले. अधीक्षक चिडले, म्हणाले, "पूजा में गाड़ी बंद होना अपशकुन है. कुछ जुगाड़ करो, डायरेक्ट कर दो." त्यावर कार्यशाळेतील तंत्रज्ञाने सीटखालच्या स्विचच्या दोन वायरी वायरीच्या एका तुकड्याने परस्पर जोडून दिल्या. हत्यारे पाटावर होती, त्यांना हात लावायचा नाही, म्हणून वायरीचे प्लास्टिक दाताने सोलले आणि टेप गुंडाळली. फोटो छान आला. तो आता आपल्या कार्यालयाच्या जिन्यात लावला आहे.

पूजा उरकल्यावर ती जोडणी लगेच काढायची होती. काढली नाही, कारण पूजेतला पेचकस उचलायचा नव्हता. दाताने वायर सोलणे धर्मात बसले, पेचकस उचलणे बसले नाही.

५. दि. ३ ऑक्टोबरला कार्यालय उघडले. तंत्रज्ञ जोडणी काढायला गेला असता श्री. मालवीय म्हणाले, "रहने दो भैया, दिन में चालीस बार उतरना पड़ता है, हर बार बंद हो जाता है." बगिच्यात लोक पाण्याच्या बाटल्या, नारळाच्या करवंट्या, वाटेल ते टाकतात. ते उचलायला खाली उतरावे लागते. अधीक्षकही म्हणाले की काम आता भराभर होते आहे, राहू द्या. म्हणून जोडणी राहिली.

दि. १४ ऑक्टोबर रोजी सकाळी सव्वानऊला टेकडीवरच्या बगिच्यात गोविंद रबरी पाईप बाजूला करायला उतरला. त्याने पाती थांबवायला हवी होती, हे खरे. पण सात महिने उतरले की सगळे आपोआप थांबत होते, त्याच्या अंगाला तीच सवय लागली होती. ब्रेक अर्धवट लागलेला. ट्रॅक्टर उतारावर सरकू लागला, खाली बाकावर दोन बायका बसल्या होत्या, म्हणून तो धरायला धावला आणि दवाने ओल्या गवतावर घसरला. उजवा पाय पात्यांखाली गेला. पायाचा पुढचा अर्धा भाग डॉक्टरांना काढावा लागला. गोविंद चौतीस वर्षांचा आहे. त्या बायकांना खरचटलेसुद्धा नाही, आणि ही गोष्ट अहवालात एका ओळीनेही आलेली नाही.

६. चौकशी समिती २९ ऑक्टोबरला आली. तीन सभासद, पंचवीस मिनिटे, चहासकट. शिपायाला सीटवर बसवले, उठवले, इंजिन बंद पडले. लिहिले : 'सर्व सुरक्षा साधने सुस्थितीत आढळली.' आढळणारच! १४ तारखेला संध्याकाळी अधीक्षकांचा फोन आला होता, "कमेटी आने वाली है, सब ओरिजिनल कर दो." त्यानुसार त्याच संध्याकाळी तंत्रज्ञाने जोडणी काढली. त्याआधी ट्रॅक्टर पाईपने धुवावा लागला. पंधरा दिवसांनी येऊन धुतलेला, दुरुस्त केलेला ट्रॅक्टर तपासायचा आणि हॉस्पिटलमध्ये पडलेल्या माणसाला दोषी धरायचे, याला आमच्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. स्विच जर सुस्थितीत होता, तर रिकाम्या सीटचा ट्रॅक्टर पाती फिरवीत उतारावरून खाली गेला कसा, हा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडू नये? तिघांपैकी दोघे अभियंते आहेत!

७. महोदया, परिच्छेद ४, ५ आणि ६ मध्ये ज्याला 'कार्यशाळेतील तंत्रज्ञ' म्हटले आहे तो मी आहे.

वायर मी सोलली. दातात अजून त्या तांब्याची चव येते. ३ तारखेला गोविंद 'राहू द्या' म्हणाला तेव्हा 'नाही' म्हणण्याचे काम माझे होते, कारण या खात्यात ती पुस्तिका वाचलेला एकटा मी होतो. पुठ्ठ्यावर शेवटचा नियम माझ्याच अक्षरात आहे. ट्रॅक्टर धुतलाही मीच. आणि समितीने मला एकच प्रश्न विचारला, "सब ठीक था न?" मी म्हणालो, "जी." माझे बयान एवढेच. आधीच्या दोन हिंदी अर्जांत मी समितीवर तोंडसुख घेतले, बुटांवर पानभर लिहिले, आणि हे लिहिले नाही. एकतीस वर्षे 'यंत्र तपासले, ठीक आहे' असे शेरे न तपासता हिंदीत लिहीत आलो, त्या भाषेत हात आपोआप खोटे लिहितो. म्हणूनही हा अर्ज मराठीत आहे.

मला अधीक्षकांचा राग आहे, समितीचा आहे, बूट नाकारणाऱ्या बाबूचा आहे. पण हे सगळे राग लिहून झाल्यावर जो उरला तो माझ्यावरचा आहे, आणि त्याच्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा ते मला माहीत नाही. म्हणून आपल्याकडे करीत आहे.

८. गोविंदला हे सगळे माहीत आहे. त्याने समितीला सांगितले, "गलती मेरी थी, जल्दी में उतर गया." वायरीचे नाव काढले नाही. मी फळे घेऊन त्याच्या घरी गेलो, तेव्हा बायको आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "भैया, आपके दो साल बचे हैं. मेरा पैर तो गया ही. दोनों क्यों जाएँ, एक ही जाए." मी त्याचा हात धरून बसलो. मला बरे वाटले, महोदया. हेही लिहून ठेवतो. त्या क्षणी मला सुटल्यासारखे वाटले.

मग त्याची बायको कुसुम चहा घेऊन आली आणि मला म्हणाली, "भैया, आप तो मशीन जानते हो. बताओ, इनसे ऐसी गलती कैसे हो गई?" मी म्हणालो, "हो जाती है." तो चहा मी प्यालो. ती बाई तेव्हापासून नवऱ्याला रोज विचारते आहे की तू इतका कसा रे वेंधळा, आणि तो मान खाली घालून ऐकून घेतो आहे. काल जाऊन तिला खरे सांगितले. गोविंदच मला रागावला. त्याची बायको भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मी माझा मी बाहेर पडलो.

घरी मंजूषाला, म्हणजे माझ्या पत्नीला, हा अर्ज वाचून दाखवला. ती म्हणाली, "क्वार्टर जाईल." मग म्हणाली, "पाठवा."

९. तरी विनंती, किंवा जे काही हे असेल ते, पुढीलप्रमाणे :

(अ) अहवालातील 'ऑपरेटरचा स्वतःचा निष्काळजीपणा' हे शब्द काढावेत. तेथे माझे नाव लिहावे. अधीक्षकांचेही लिहावे. पण त्यांचे लिहायला धीर होत नसेल तर त्यापायी माझे थांबवू नये.

(आ) श्री. मालवीय यांना नोकरीवर ठेवावे. एका पायाने बसून करता येतील अशी कामे या विभागात शंभर आहेत. दोन्ही पाय धड असलेले पुष्कळ लोक ती बसूनच करतात.

(इ) जोवर चालवणाऱ्याच्या पायात बूट आणि हातात त्याला वाचता येईल अशी पुस्तिका नाही, तोवर ट्रॅक्टर शेडबाहेर काढू नये. गेल्या सोमवारपासून नवा मुलगा त्यावर बसतो आहे. स्विच मी रोज सकाळी जाऊन पाहतो, पण मला निलंबित केल्यावर कोण पाहणार, ते लेखी ठरवावे.

(ई) १४ तारखेला काढलेली वायर मी फेकली नव्हती. का ठेवली ते तेव्हा मला सांगता आले नसते. ती सोबत जोडली आहे. समितीने पुन्हा यावे आणि ती पाहावी.

(उ) हा अर्ज मागे घ्यावा म्हणून मला समजवायला कोणाला पाठवू नये. आधीच्या दोन अर्जांसाठी अधीक्षक दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा मिठाई घेऊन आले होते.

शेवटची गोष्ट. १५ तारखेच्या सुनावणीला गोविंद कुबड्या घेऊन येईल आणि 'गलती मेरी थी' असे पुन्हा सांगेल. काल त्याने मला तसे बजावले आहे. तो अतिशय सच्चा माणूस आहे, महोदया, आणि त्या दिवशी तो खोटे बोलणार आहे. त्याचे ऐकू नये.

आजवर फार आज्ञाधारक राहिलेला,

(सही)
शैलेंद्र शांताराम मोहरील
तंत्रज्ञ, कार्यशाळा
रा. तुलसी नगर, भोपाळ.
दि. ८ डिसेंबर २०२५

सोबत :
१) वायर, चार बोटे लांब, टेपसह (पाकिटात).
२) शेडमधील पुठ्ठा, मूळ प्रत.
३) बुटांच्या तीन मागण्या, तिन्ही शेऱ्यांसह.
४) समितीपुढे द्यायला हवे होते ते माझे बयान, सहीसह, दोन पाने.